सहावी बाटली

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि दोघं मिळून हसतो. अमावस्या, वडाचं झाड, सुनसान रस्ता, बंद पडलेली गाडी... "यांच्यातल्या एकालाही कधी दिवसाउजेडी काही दिसत नाही का गं?" हे माझं ठरलेलं वाक्य. त्यामुळे आज मीच कागद घेऊन बसलोय हे बघून ती स्वयंपाकघराच्या दारातून मजा बघते आहे. बघू दे. तिला सगळं माहीतच आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप. चाळीस वर्षं लोखंड कापलं. जे मायक्रोमीटरमध्ये मापता येत नाही ते माझ्या लेखी नाही, असा सरळ हिशेब. देवळात जातो ते बायको नेते म्हणून, आणि बाहेर चपलांजवळ थांबतो. मला सगळे 'मिस्त्री' म्हणतात, तुम्हीही तेच समजा.

वर्कशॉप मुलाच्या हातात दिलं आणि घरी बसलो. आठवड्याभरात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलायला लागलो. तेव्हा बायकोनंच मला हाकललं – "त्या नदीवाल्यांच्यात जावा, तिथं काय मोजायचं ते मोजा."

नदीवाले म्हणजे आमचा पंचगंगेचा ग्रुप. दहा-बारा माणसं, सगळी आपापला उद्योग सांभाळून. पावसाळ्यात पुराच्या खुणा टिपायच्या, गणपतीनंतर घाट साफ करायचा, उन्हाळ्यात जलपर्णी ओढून काढायची. आणि वर्षभर, न चुकता, दर रविवारी सकाळी पाण्याची फेरी. प्रयाग चिखलीच्या संगमापासून खाली पाच पॉइंट ठरलेले. प्रत्येक ठिकाणी एक बाटली पाणी घ्यायचं, त्यात प्राणवायू आहे का ते जागेवर बघायचं, वहीत लिहायचं, पुढच्या पॉइंटला जायचं.

ही फेरी चालवायच्या कांबळेमामी.

मामी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पस्तीस वर्षं अटेंडंट होत्या. शिक्षण जेमतेम आठवी. पण काचेची भांडी, औषधं, मापं यातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं ग्रुपमधल्या दोन इंजिनिअरांना मिळून कळत नव्हतं. ठेंगणी, सावळी बाई. पांढऱ्या सुती साडीवर मुलाचा जुना फुल शर्ट चढवायच्या, खिशात शिसपेन्सिल. लेबल नेहमी शिसपेन्सिलीनं, कारण शाई पाण्यात पळते. बाटली भरायच्या आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची. बूच बसवल्यावर आत एक बुडबुडा जरी दिसला तरी ओतून परत भरायची. एकदा मी म्हटलं, "मामी, एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतंय?" त्यांनी विचारलं, तुमच्या लेथवर एवढ्याशानं काय होतंय? त्या दिवसापासून मी त्या बाईला मानतो.

आता ती तपासणी जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. भरलेल्या बाटलीत दोन औषधांचे थोडे थोडे थेंब सोडायचे आणि हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाला तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा. तपकिरी म्हणजे मासे जगतील. पांढरा म्हणजे पाणी मेलं. एवढंच. लहान पोरालाही दिसेल असा फरक आहे.

पण मामींच्या पेटीत पाच नाही, सहा बाटल्या असायच्या. सहावीत नदीचं पाणी नसायचं. शनिवारी संध्याकाळी घरी त्या तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरायच्या, बूच लावून वरून मेणबत्तीचं मेण ओतायच्या, आणि लेबलवर लिहायच्या – 'कोरी'. ही कोरी बाटली बाकीच्या पाच जणींबरोबर सगळी फेरी फिरायची. शेवटच्या पॉइंटला मेण खरवडून तिच्यातही तीच औषधं घालायची, तसंच हलवायचं. कोऱ्या पाण्यात साका तपकिरीच बसायला पाहिजे. नाही बसला तर चूक नदीची नाही, आपली. औषध बिघडलं, बाटली घाण राहिली, हात चुकला... काहीतरी आपलं. मग सगळी फेरी रद्द, आणि शेवटच्या पॉइंटपासून उलटी परत सुरू.

मी त्यांना चिडवायचो, "झाली का बाईसाहेबांची सहल?" कारण माझ्या काळात ती बाटली कधी म्हणजे कधीच तपकिरीशिवाय काही झाली नाही. मला ते औषध फुकट घालवणं वाटायचं. मामी एकदाच मला नीट बोलल्या, आणि ते अजून कानात आहे.

"मिस्त्री, नदीत कुणी घाण सोडली म्हणून आपण उद्या कुणाकडंबी बोट दाखवणार. बोट दाखवायच्या आदी आपला हात सोच्च हाय का ते बघाय नको व्हय?"

त्यांच्या या सगळ्या काटेकोरपणाला कारण होतं. पाचवा पॉइंट म्हणजे मामींचं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही. गावाची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीत आहे. तिथून पाणी टाकीत चढवायचं, थोडी ब्लीचिंग पावडर टाकायची आणि घरोघरी सोडायचं, एवढीच त्या गावाची व्यवस्था. पाण्याची मोटर चालवणारा ऑपरेटर आनंदा हा मामींचा धाकटा भाऊ. एका उन्हाळ्यात खराब पाणी टाकीत चढलं आणि गावात काविळीची साथ आली. आनंदाची मुलगी दोन महिने दवाखान्यात होती. वाचली, पण आनंदा मनातून खचला – मोटरचं बटण त्यानंच दाबलं होतं ना. त्या उन्हाळ्यानंतर मामींनी कॉलेजमधून निवृत्ती घेतली आणि जुन्या बाटल्या मागून आणून ही फेरी सुरू केली. दर रविवारी फेरी संपली की त्या आनंदाला फोन करून पाणी कसं आहे आणि सहावी बरोबर आली का ते सांगायच्या. दहाला मोटरीला लागणारी थ्री-फेज लाईट यायची, आणि मगच तो बटणाला हात लावायचा.

मामी गेल्या त्या एका शनिवारी. संध्याकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दुसऱ्या दिवशीची पेटी भरून तयार होती. पाच रिकाम्या स्वच्छ बाटल्या आणि सहावी भरलेली, मेण लावलेली, पेन्सिलीनं 'कोरी' लिहिलेली. मामींच्या सुनेनं ती पेटी तशीच माझ्या हातात दिली. "मामी म्हणायच्या, मिस्त्रींचा हात स्थिर हाय," एवढं बोलली आणि आत गेली. मी पेटी घेऊन रिक्षात बसलो आणि खोटं कशाला सांगू, उद्यमनगर येईपर्यंत रडलो.

आता माझ्या पापाची गोष्ट. ही मी वर्षभर कुणाला सांगितली नव्हती.

मामींच्या हातची ती सहावी बाटली मला उघडवेना. म्हटलं, राहू दे, त्यांची आठवण. ती पेटीत तशीच ठेवली आणि दर रविवारी फिरवली. फेरीनंतर आनंदाला फोनही आता मीच करायचो. दुसरी कोरी बाटली भरायची तर पेटीत जागा नव्हती... हे आपलं कारण. खरं कारण असं की मला ते आधीपासूनच फालतू वाटत होतं. ग्रुपमधला रियाज – मोटर वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, आमची फेरी त्याच्याच टेम्पोतून होते – त्यानं सुरुवातीला एकदा विचारलं, तर मी सांगितलं की सहावी घरी जाऊन तपासतो. आणि घरी जाऊन काय करायचो? वहीत सहाव्या रकान्यात लिहायचो, 'तपकिरी'. न बघता. जवळजवळ वर्षभर. मायक्रोमीटरवाल्या माणसानं हे केलं.

तो रविवार शिमगा होऊन गेल्यानंतरचा. बंधाऱ्यांना बरगे घातलेले – म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या – त्यामुळे नदी संथ. सकाळ छान होती. संगमावर तपकिरी, घाटावर तपकिरी. तिसऱ्या पॉइंटला वाकलो आणि खिशातला चष्मा नदीत पडला. रियाजनं गुडघाभर पाण्यात शिरून शोधला, नाही सापडला. "नदीला पण वाचायचं असंल कायतरी," म्हणाला. चष्म्याशिवाय मला वही दिसत नाही, म्हणून त्या दिवशी लिहायला तो बसला.

चौथ्या पॉइंटला एक मोठा नाला नदीला मिळतो. तिथं पोचलो तेव्हा आठ वाजले असतील. तिथंही तपकिरी, जरा फिकट पण तपकिरी. पाचव्याला साडेआठच्या पुढं. तिथंही ठीक. गावातून हलगीचा आवाज येत होता. त्या दिवशी गावची म्हाई होती. आमच्याकडे म्हाई म्हणजे गावजत्रा. घराघरात मटणाचे हंडे चढतात, पै-पाहुण्यांनी गाव फुलतं, परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. आम्हा दोघांनाही आनंदाचं आमंत्रण होतं.

रियाजनं पाचवा आकडा लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं, "सहावी?"

"लिही तपकिरी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पेटीत बघितलं. मेण जसंच्या तसं होतं, आणि त्यावर वर्षाची धूळ.

"मिस्त्री, मी न बघता लिव्हणार न्हाय. मामीनं तसं शिकवलेलं न्हाय मला."

आवाज चढवला नाही त्यानं. रागावला असता तर बरं झालं असतं. मी साठी ओलांडलेला माणूस, नदीकाठी दगडावर बसून लाजेनं खाली बघत होतो. सगळं सांगून टाकलं त्याला. त्यानं फक्त पेटी माझ्या पुढ्यात सरकवली.

मी पेनच्या टोपणानं मेण खरवडलं. बूच घट्ट बसलं होतं, निघताना टक् असा आवाज झाला. पाणी आरशासारखं स्वच्छ. पहिल्या औषधाचे थेंब सोडले, दुसऱ्याचे सोडले, बूच लावलं, हलवली. मनात एकच होतं – मामी, माफ करा, आता निदान रकाना खरा होईल.

साका खाली बसायला लागला. पांढरा.

मला चष्मा नव्हता, म्हणून मी बाटली रियाजकडे दिली. त्यानं ती आभाळाकडे धरली, पांढऱ्या शर्टापुढे धरली. चुन्याच्या निवळीसारखा पांढरा साका होता. शेजारीच नदीच्या पाचही बाटल्या ठेवलेल्या, तपकिरी. हीच औषधं, हाच हात, आणि पाचवी तर जेमतेम पाव तासापूर्वीची.

नियम मामींचा होता आणि अगदी स्पष्ट होता. कोरी चुकली की फेरी रद्द, शेवटापासून उलटी परत. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वगैरे काही वाटली नाही. वाटलं की औषध बिघडलंय आणि वर्षभराचे आकडे पाण्यात गेले. रियाज म्हणाला, चला, परत करू. पाचव्याला परत पाणी घेतलं. तपकिरी. म्हणजे औषध ठीक होतं! मग मला गोंधळल्यासारखं झालं. पोटात कावळे ओरडत होते, जेवायचं आमंत्रण समोर होतं. एरवी मी तिथंच सोडून दिलं असतं. पण आत्ताच लाज खाऊन झाली होती. म्हटलं, आज नियम पुरा पाळायचा.

टेम्पो वळवून चौथ्या पॉइंटला परत गेलो. साडेनऊ झाले होते.

टेम्पोतून उतरायच्या आधीच वास आला. दीड तासापूर्वी जिथं तळाचे दगड दिसत होते तिथं नाल्याच्या तोंडाशी काळं, तेलकट पाणी नदीत पसरत होतं. मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते, काही उलटे झालेले. बाटली भरली, थेंब सोडले. पांढरा. ते पाणी कुणी सोडलं हे आजही ठरलेलं नाही. तक्रारीचे कागद फिरतायत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण रविवारची सकाळ आणि आमची फेरी होऊन गेल्यानंतरची वेळ साधून सोडलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी आनंदाला फोन लावला. पलीकडे हलगी आणि लोकांचा गलका. मी सांगितलं की चौथ्या पॉइंटला पाणी मेलंय, दुपारपर्यंत तुझ्या जॅकवेलला येईल, आज मोटर चालू करू नको.

"मिस्त्री, म्हाई हाय आज," तो म्हणाला. "टाकी तळाला गेलीया. घराघरात पावणं आल्यात. मोटर न्हाय लावली तर गाव मला फाडून खाईल की. दहाला लाईट आली की लावतो, दोन-तीनपातूर अर्धी टाकी भरून घेतो, मग बंद करतो."

मी काय सांगणार? पाणी नेमकं किती वेळात पोचेल हे मला तरी कुठं ठाऊक होतं. मग त्यानंच हळू आवाजात विचारलं, "सहावी कशी हाय?"

"पांढरी," मी म्हणालो. "ताईच्या हातची शेवटची होती, आनंदा. आज उघडली. ती पांढरी आली."

हलगी वाजत होती.

"मग न्हाय लावत," म्हणाला, आणि फोन ठेवला.

नंतर गावात काय झालं ते आनंदानं कधी नीट सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. मोटर का बंद म्हणून लोक त्याच्या अंगावर गेले. मोठी माणसं जॅकवेलच्या दाराशी आली, किल्ली मागायला लागली. त्यानं किल्ली शर्टाच्या आत टाकली आणि दारात मांडी घालून बसला. तोवर रियाज शेजारच्या वस्तीतल्या विहिरीवरून टेम्पोत पिंपं भरभरून गावात पाणी टाकत होता. त्याच्या किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही, पण शेवटी शेवटी त्याला टेम्पोतून उतरवत नव्हतं. जेवणं उशिरा झाली, पाहुणे कुरकुरले. आणि दुपारी दोनच्या सुमाराला काळं पाणी जॅकवेलपाशी आलं. मेलेल्या माशांचा थर काठाला लागला. जे किल्ली मागायला आले होते तेच काठावर उभे राहून बघत होते. त्यांनीच पोरं पाण्यापासून ओढून मागं नेली.

त्या उन्हाळ्यात त्या गावात काविळीचा एकही रुग्ण झाला नाही.

आता तुम्ही विचाराल, पांढरा का आला? मीही विचारलं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना दाखवलं. ते म्हणाले, उकळलेलं पाणी गरम असतानाच भरून बंद केलं असेल तर त्यात प्राणवायू नसतो. पटण्यासारखं आहे. पण मामींनी पाणी गरम भरलं असेल? ज्या बाईनं पस्तीस वर्षांत बाटलीत एक बुडबुडा राहू दिला नाही तिनं? मला नाही पटत. म्हणून मी माझ्या पद्धतीनं मापून बघितलं. त्याच दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणून तशाच बारा बाटल्या भरल्या, तसंच मेण लावलं, पेटीत घालून टेम्पोत फिरवल्या, आणि बरोबर वर्षभर ठेवून गेल्या महिन्यात उघडल्या. बारा तपकिरी. आणि समजा मामींचा हात एकदा चुकला असेलही... तरी तो चुकलेला हात मला नेमका त्याच रविवारी, त्याच तासाला कसा दिसला? चष्मा पडला नसता तर मी ती उघडलीही नसती. बायको म्हणते, उत्तर शोधू नका. पण मी मिस्त्री आहे, शोधणार.

ती बाटली माझ्या वर्कशॉपच्या फळीवर आहे, मायक्रोमीटरच्या डब्याशेजारी. साका अजून पांढराच आहे. वहीतले वर्षभराचे सहाव्या रकान्यातले शब्द मी ग्रुपसमोर खोडले आणि प्रत्येकासमोर लिहिलं, 'तपासली नाही'. सोपं नव्हतं ते. आता शनिवारी संध्याकाळी मी स्वतः सहावी भरतो, पाणी गार आहे ना ते हात लावून बघतो, मेण ओततो. शिसपेन्सिलीनं 'कोरी' लिहिताना दर वेळी मला मामींचा खिसा आठवतो.

आणि दर रविवारी दहाला लाईट आली की आनंदाचा फोन येतो. आपला फोन जायची वाट तो बघत नाही. नदी कशी आहे, नाल्याचं काय, मासे दिसले का... यातलं तो आधी काहीच विचारत नाही.

"मिस्त्री, सहावी कशी हाय?"

मी बाटली उजेडाकडे धरतो, नीट बघतो आणि मगच सांगतो, तपकिरी. मग पलीकडे बटण दाबल्याचा खटका ऐकू येतो आणि मोटर सुरू होते.